भिंतीपासून चार बोटं

दीपमालाच्या घरातलं घड्याळ फ्रिजच्या डोक्यावर उभं होतं. किती वाजले हे बघायला बाहेरच्या खोलीतून उठून स्वयंपाकघरात जावं लागायचं, आणि गेलोच आहोत तर फ्रिज उघडून काहीतरी तोंडात टाकावं असं वाटायचं. इंद्रजीतचं पोट सुटायला लागलं, त्याचं खापर त्यानं या घड्याळावर फोडलं होतं. पण घड्याळाला दुसरी जागाच नव्हती. मुकुंदवाडी स्टेशनाच्या अलीकडच्या त्या अपार्टमेंटमधला फ्लॅट भाड्यानं देताना उमाकाकूंनी एकच अट घातली होती. करारनाम्यात ती टाईप केलेली होती, वर खाली पेनानं दोन रेघा मारलेल्या होत्या: भिंतीला खिळा ठोकायचा नाही. डाग, ओरखडा, भोक काहीही दिसलं तर महिन्याच्या आत जागा सोडायची.

जुनी माणसं म्हणून गेली की घर पाहावं बांधून. भाड्याचं घर लावून पाहा, हे म्हणायचं मात्र त्यांच्याकडून राहून गेलं. दीपमालानं ते सात वर्षांत पाच वेळा पाहिलं होतं. त्यामुळं ती आता या कामात मुरली होती. कॅलेंडर खिडकीच्या गजाला कपड्यांच्या चिमट्यानं लटकलेलं. लग्नाचा फोटो टीव्हीला टेकून बसलेला, त्यामुळं बातम्यांचा डावा कोपरा कायम लग्नात असायचा. पडदा दोन भिंतींत दाबून बसणाऱ्या स्प्रिंगच्या दांडीवर. आणि सोफा, पलंग, कपाट, सगळं भिंतीपासून चार बोटं लांब. कारण इंद्रजीतच्या डोक्याला खोबरेल असायचं, आणि टेकून बसलेल्या माणसाच्या डोक्याचा गोल तेलकट डाग भिंतीवरून सात जन्मांत निघत नाही. "टेकू नका" हे वाक्य ती दिवसातून इतक्यांदा म्हणायची की आलेले पाहुणेसुद्धा ताठ बसून चहा प्यायचे.

उमाकाकू आणि लक्ष्मणराव समोरच्याच दारात राहत. दोघंही सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. समोरासमोरचे दोन फ्लॅट त्यांनी घेतले होते, एक स्वतःला आणि एक मुलाला, हिमांशूला. हिमांशू जर्मनीत होता. दोन वर्षं त्याचा फ्लॅट कुलूप लावून ठेवला, पण बंद घराला ओल येते असं कुणी सांगितलं, म्हणून नाइलाजानं भाडेकरू ठेवला. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला उमाकाकू यायच्या, चहा घ्यायच्या, आणि मग उठून चारही भिंतींवरून हळूहळू तळहात फिरवायच्या. आजारी लेकराचं कपाळ बघावं तसा. पहिल्या वेळी दीपमालाला त्याचा राग आला होता. आता ती त्या वेळेत निमूट कप विसळायची.

भाद्रपद लागला आणि पाचोडहून बद्रीनाथचा, तिच्या थोरल्या दिराचा, फोन आला. गावचं जुनं घर उतरवलं होतं, नवं काम पायापाशीच अडलं होतं, आणि सगळी माणसं पत्र्याच्या शेडात गुराढोरांजवळ राहत होती. "या साली लक्ष्म्या कुठं उभ्या करायच्या?" एवढाच त्याचा प्रश्न होता.

दीपमाला पटकन बोलून गेली, "आमच्याकडं आणा."

बोलून गेली आणि मग तिचं तिलाच धस्स झालं. महालक्ष्म्या म्हणजे काही देव्हाऱ्यातला टाक नव्हे, की कोनाड्यात ठेवला आणि झालं. दोन बहिणी, ज्येष्ठा आणि कनिष्ठा, माणसाएवढ्या उंच. पत्र्याच्या कोठ्यांत गहू-तांदूळ भरायचे, वर मुखवटे बसवायचे, नऊवारी नेसवायची. तीन दिवसांचं माहेरपण. आणि त्यांच्या डोक्यावर फुलोरा टांगायचा, करंज्या, वेण्या, फण्या, सगळा तळलेला साज दोऱ्यांत ओवून. टांगायचा म्हणजे वर कशालातरी. पाचोडच्या घरात त्यासाठी चार कड्या होत्या, कुणी ठोकल्या ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

दोन दिवसांनी आवडाबाई एसटीतून उतरल्या. बरोबर दोन कोठ्या, मुखवट्यांची पेटी आणि धान्याचं पोतं. सासूला दीपमाला आत्या म्हणायची. आत्या दारातच थांबल्या, त्यांनी चारी भिंती बघितल्या. कोऱ्या, पांढऱ्या, एक खिळा नाही.

"इथं माणसं राहत्यात व्हय?" त्या म्हणाल्या. "का कालच सामान उतरवलं?"

"दीड वर्ष झालं, आत्या."

"मंग हे घर तुमचं वाटंना कसं?" त्या पेटी मांडीवर घेऊन बसल्या. "बघ बाई. माझ्या सासूच्या सासूपासून एक साल खंड नाय पडला. दुष्काळात ज्वारी भरून उभ्या केल्या, पर केल्या. तू बोलावलंस म्हणून आणल्यात. उभ्या राहत नसल्या तर आत्ताच सांग, मी शेडात करते. एकदा मोडलं की मोडलं."

दीपमालाला एका क्षणात दोन्ही बाजू दिसल्या. खिळा ठोकला तर घर जाणार. नाही ठोकला तर इतक्या पिढ्यांचं चालत आलेलं तिच्या हातून तुटणार, तेही पहिल्यांदाच तिच्या हातात आलेलं असताना. आतापर्यंत ती पाचोडला सणाला जायची ती धाकटी सून म्हणून, पुरण वाटायला. यंदा लक्ष्म्या तिच्याकडे येणार होत्या. तिला ते हवं होतं, फार हवं होतं, आणि ते तिनं स्वतःशीसुद्धा आजच कबूल केलं.

ती समोरच्या दारात गेली. "काकू, एकच. एक खिळा. तीन दिवसांनी काढून, लांबी भरून, रंग मारून देते."

उमाकाकू मोबाईल बघत होत्या, तो त्यांनी उलटा ठेवला. "देव सगळ्यांचेच असतात, दीपमाला. मीसुद्धा करत होते, हिमांशू इथं असेपर्यंत. आता दोन तांब्यांवर भागवते." मग आवाज कडक झाला. "पण भिंत नाही. तो येईल तेव्हा त्याला घर कोरं मिळायला पाहिजे. दुसऱ्यांची भोकं असलेलं नाही."

माणूस भांडला तर उलटून बोलता येतं. वाट बघणाऱ्या माणसाशी काय भांडायचं?

संध्याकाळी इंद्रजीत वाळूजच्या कंपनीतून आला, बूट काढता काढता त्यानं सगळं ऐकलं आणि छताकडं बघत राहिला. तो टूलरूममध्ये होता. मशीनवर कापायला ठेवलेला लोखंडी तुकडा, म्हणजे जॉब, पकडून ठेवणारे सांगाडे बनवायचे, हे त्याचं काम. त्याला फिक्स्चर म्हणतात. घरी तो या विषयावर कधी बोलायचा नाही, कारण कुणी ऐकायचं नाही.

"खिळा कशाला पाहिजे?" तो म्हणाला. "आमचं अख्खं काम बिनखिळ्याचंच हाय. फिक्स्चरचा धर्मच तो. जॉब केसभर हलला नाय पाहिजे, अन् जॉबला ओरखडा बी नाय पाहिजे."

"म्हणजे काय करायचं?"

"जमिनीत अन् छतात दाबून बसवायचं. तू पडद्याची दांडी बसवलीस की. तीच उभी करायची."

दीपमाला त्याच्याकडं बघतच राहिली. दीड वर्ष रोज ती दांडी डोळ्यांसमोर होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा.

चौथ्या दिवशी, रीतसर गेटपास घेऊन, त्यानं भंगारातले चार उभे चौकोनी पाईप आणि वर जोडायला काही आडवे आणले. प्रत्येक उभ्याच्या बुडाशी जाडजूड बोल्ट, डोक्यावर पोळीएवढी पत्र्याची चकती, चकतीला रबर. दीपमालानं रबरावर बोट घासलं. बोट काळं झालं. ती आत गेली, तिच्या आईनं शिवलेल्या गोधडीचा फाटका कोपरा घेऊन आली, आणि त्याचे आठ चौकोन कापून चार रबरांवर चढवले, चार बोल्टांखाली ठेवले. इंद्रजीतनं एक चौकोन दाबून बघितला. "हे टूलरूममध्ये कुणाला सुचलं नसतं," तो म्हणाला, आणि ते त्यानं खरंच म्हटलं होतं.

पाईप उभे केले. वर आडवे जोडले. मग तो खाली बसला आणि पाना घेऊन एकेक बोल्ट फिरवू लागला. एक आटा, मग दुसरा. आधी पाईप डुगडुगत होते. तिसऱ्या आट्याला डुगडुग कमी झाली. पाचव्याला काहीतरी झालं. नक्की काय ते दीपमालाला सांगता आलं नसतं. एवढंच, की आत्तापर्यंत जे चार सुटे लोखंडी दांडे होते, ते एकदम गप्प झाले. जमीन, छत आणि मधलं लोखंड यांनी एकमेकांना धरलं. ना वेल्डिंग, ना खिळा, ना दोरी. तिच्या अंगावर सरसरून काटा आला.

आवडाबाई उठल्या. त्यांचा लोखंडावर काडीचा भरवसा नव्हता. पदर खोचून त्या स्टुलावर चढल्या, त्यांनी आडव्या पाईपला दोन्ही हातांनी धरलं आणि, वयाचा काही विचार न करता, सरळ लोंबकळल्या.

"आत्या!"

"थांब गं." त्यांचे पाय जमिनीपासून वीतभर वर होते. पाईप हलला नाही. त्या खाली उतरल्या, हात झटकले, आणि लेकाकडं पहिल्यांदाच बघितल्यासारखं बघत म्हणाल्या, "इंदर, हे करतूस व्हय रं तू तिथं? मला वाटलं पाने देतूस."

आता उरले हात. लक्ष्म्या घरात आल्या की त्यांच्या पाठीमागं भिंतीवर घरच्या सुनेनं कुंकवाचे पाच हात उमटवायचे, ही या घराण्याची रीत. पाण्यात कालवलेलं कुंकू भिंतीवर बसलं की बसलं, निघत नाही. दीपमालानं त्यावर आधीच तोड काढली होती. मागच्या दोन पाईपांना तिनं पांढरं मांजरपाट ताणून बांधलं. हात त्यावर उमटवायचे.

आवडाबाईंनी मान हलवली. "हात भिंतीला लागत्यात. कापडाचं काय, घडी करून न्यायचं."

"आत्या," दीपमाला म्हणाली, "आमचं घर घडी करूनच फिरतंय की हो. पाच झाली. भिंती दुसऱ्यांच्या असतात. कापड तरी माझंय."

आवडाबाईंनी पिशवीतून स्वतःचं जुनं, धुऊन मऊ झालेलं पांढरं पातळ काढलं. "मंग ते दुकानातलं सोड. हे बांध. ह्याला आपल्या घराचा हात लागलाय."

अनुराधा नक्षत्रावर लक्ष्म्या आल्या. दारापासून आतपर्यंत पावलं काढायची, ती दीपमालानं रांगोळीची काढली, फडक्यानं पुसता येतील अशी. आवडाबाईंनी ताटली वाजवली, दीपमाला मुखवटे सुपात घेऊन उंबरा ओलांडून आत आली. कोठ्यांत गहू भरले, वर मुखवटे चढले, हिरवी आणि जांभळी नऊवारी नेसवली, नथी घातल्या. फुलोरा टांगला. दीपमालानं तळहात कुंकवात बुडवून सासूच्या पातळावर पाच हात उमटवले. मग इंद्रजीतनं ट्यूबलाईट बंद केली आणि समया लावल्या.

याच खोलीत काल ओले टॉवेल वाळत होते. इथंच बसून ती मेथी निवडायची. आणि आता तिथं दोन बायका उभ्या होत्या, ज्यांच्याकडं मान वर करून बघावं लागत होतं. समईच्या उजेडात पितळी गाल हलल्यासारखे वाटत होते. फुलोऱ्याच्या करंज्या, त्यांच्या भिंतीवर पडलेल्या सावल्या, हिरव्या काठाची जर. गहू तिनंच भरले होते, पिना तिनंच लावल्या होत्या, डाव्या नथीची फिरकी सैल आहे हेही तिला माहीत होतं. तरी ती बघत होती, आणि तिला वाटत होतं की हे आपण केलेलं नाही. हे आलंय. हात आपोआप जोडले गेले. आवडाबाई तर लहान पोरीसारख्या तोंड उघडं टाकून बसल्या होत्या.

"उभ्या राहिल्या," त्या कुजबुजल्या. "भाड्याच्या घरात, बाई. उभ्या राहिल्या."

दुसऱ्या दिवशी सोळा भाज्या, आंबील, पुरणाचा नैवेद्य झाला. सकाळपासून दीपमाला दमून गेली होती. संध्याकाळी हळदीकुंकवाला इमारतीतल्या बायका येऊन गेल्या, प्रत्येकीचं बोलणं दारातच बंद पडलं, आणि शेवटी उमाकाकू आल्या. बोल्ट तपासत असलेला इंद्रजीत पान्यासकट स्वयंपाकघरात सरकला.

उमाकाकूंचे डोळे आधी भिंतीकडं गेले. अपेक्षाच ती होती. त्या आरासीच्या कडेनं आत वाकल्या. वर छताशी बघितलं, खाली बोल्टांशी बघितलं, गोधडीचे चौकोन बघितले. मग त्यांनी हात आडवा करून पातळ आणि भिंत यांच्या मधल्या फटीत सारला. हात बरोबर मावला. चार बोटं. या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांनी तो फिरवत नेला. सगळी आरास, दोन देव्या, मणभर धान्य, आणि भिंतीला कुठं नखसुद्धा लागलेलं नव्हतं.

मग त्यांनी मान वर केली आणि पहिल्यांदा लक्ष्म्यांकडं पाहिलं.

किती वेळ पाहत होत्या, देव जाणे. समईची वात चरचरली ती आवडाबाईंनी पुढं केली, तरी त्यांचं लक्ष नव्हतं. दीपमाला हळदीकुंकवाचं ताट घेऊन तशीच उभी. उमाकाकूंच्या चेहऱ्यावरची तपासणी कधीच पुसली गेली होती, आणि खाली जी बाई होती ती दीपमालानं कधी पाहिली नव्हती.

"अशाच उभ्या असायच्या आमच्या," काकू म्हणाल्या. मग पातळाकडं बोट केलं. "हे हात कापडावर का?"

"भिंत तुमची आहे ना, काकू."

यावर उमाकाकू खालीच बसल्या, लक्ष्म्यांसमोर, जमिनीवर. "हिमांशूनं तिकडं घर घेतलं," त्या म्हणाल्या. "चैत्रातच. फोटो पाठवलेत. भिंतींवर सगळीकडं फोटो टांगलेत त्यानं, केवढे मोठे खिळे ठोकून." त्या हसल्या, पण ते हसू पुरतं आलं नाही. "मी कुणाला सांगितलं नाही. यांनासुद्धा मी म्हणायचे, येईल हो तो. तू खिळा मागायला आलीस ना, तेव्हा तेच फोटो बघत होते. आणि तुला नाही म्हणाले."

आवडाबाई सरकत सरकत काकूंच्या शेजारी जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "ताई, लेकरं जिथं हात लावत्यात तिथं त्यांचं घर. तुमच्या लेकानं लावला. त्याचं चांगलं झालं."

उमाकाकूंनी डोळे पुसले, उठल्या, आणि ताटातल्या कुंकवाच्या वाटीत थेट उजवा तळहात बुडवला. दीपमालाला वाटलं, पातळावर उमटवणार. पण त्या आरासीला वळसा घालून कडेला गेल्या, जिथं भिंत मोकळी होती, आणि दीड वर्ष महिन्यामहिन्याला ज्या हातानं त्यांनी ती भिंत चाचपली होती, तोच हात त्यांनी तिच्यावर पूर्ण दाबून धरला.

स्वयंपाकघरात पाना खाली पडल्याचा आवाज आला.

त्यांनी हात काढला. कोऱ्या पांढऱ्यावर पाच बोटं, लाल, ओली, एक ओघळ मनगटाकडं निघालेला. खोलीतल्या सगळ्यांची नजर लक्ष्म्यांवरून तिकडं गेली. दीपमालाला पुन्हा तोच काटा आला, बोल्टाच्या पाचव्या आट्याला आला होता तो.

"ये," काकू म्हणाल्या. "सून तू आहेस इथली. रीत तुझी."

दीपमालानं हात कुंकवात बुडवला आणि भिंतीसमोर जाऊन थांबली. तळहात हवेत राहिला. दीड वर्षाची सवय, चार बोटांच्या पुढं हात जाईना.

"लाव की गं," मागून आवडाबाई म्हणाल्या.

तिनं लावला. भिंत गार होती, किंचित खरबरीत होती, आणि तिनं दाबलं तशी ती आतून घट्टपणे तिच्या हाताला भिडली. सात वर्षं, पाच घरं, आणि भिंत हाताला कशी लागते हे तिला आज कळत होतं. तिनं पाचही हात उमटवले, काकूंच्या हाताशेजारी, एकेक, घाई न करता.

तिसऱ्या दिवशी लक्ष्म्यांना निरोप दिला. गहू पोत्यात गेले, मुखवटे पेटीत, फुलोरा शेजारीपाजारी. इंद्रजीतनं चार बोल्ट सैल केले आणि अर्ध्या तासात आरास होती की नव्हती असं झालं. जमिनीवर, छतावर, कुठं काही नाही. भिंतीवर तेवढे सहा हात.

आवडाबाई दुपारच्या एसटीनं गेल्या. दीपमाला घर झाडून रिकामी झाली, भिंतीशी सतरंजी टाकून बसली. संध्याकाळी इंद्रजीत बाहेरून आला, दारातच थबकला आणि तिच्याकडं बघून म्हणाला, "अगं, डोक्याला तेल हाय तुझ्या."

"असू द्या," ती म्हणाली, आणि नीट टेकून बसली.